‘निवाडा फक्त अल्लाहचा’ : खारिजी नक्की कोण होते, आणि आयसिसला खारिजी म्हणणं कितपत बरोबर?

वाळूचं घड्याळ | शुक्रवार, रात्री १०:४२

पाकिस्तानच्या बातम्या बघताना हल्ली एक शब्द सारखा कानावर पडतो, खवारिज. तिकडच्या लष्कराचं पत्रक आलं की ‘अमुक इतके खवारिज ठार’. आधी वाटलं कुठली तरी नवी संघटना असेल, मग कळलं की ही जुनीच टीटीपी, म्हणजे तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, २०२४ च्या जुलैत सरकारने कागदोपत्री तिचं नावच ‘फितना अल-खवारिज’ करून टाकलंय. आता हा शब्द साडेतेराशे वर्षांहून जुना. म्हटलं एकदा मुळापासून वाचून काढू, आणि वाचायला बसले ती दोन आठवडे त्यातच अडकले.

थोडक्यात सांगते (होणार नाहीये थोडक्यात, आधीच माफी).

६५६ साली मदिनेत तिसरे खलिफा उस्मान यांचा घरात घुसून खून झाला. मारणारे परके नव्हते, इजिप्त नि इराककडून तक्रारी घेऊन आलेले मुसलमानच होते. मग अली खलिफा झाले, पण सीरियाचा सुभेदार मुआविया हा उस्मान यांच्या भाऊबंदांतला, तो म्हणाला आधी खुन्यांना शिक्षा, मग तुम्हाला मान्यता. ६५७ मध्ये युफ्रेटिसच्या काठी सिफ्फीनला दोन्ही फौजा भिडल्या. अलींचं पारडं जड होतंय म्हटल्यावर सीरियाच्या शिपायांनी भाल्यांच्या टोकांना कुराणाची पानं लावून वर धरली, म्हणजे आता निवाडा याच्यावर करा. हा डाव आहे हे अलींना कळत होतं पण त्यांच्याच सैन्यातले लोक, त्यातही कुराण तोंडपाठ असलेले ‘कुर्रा’, म्हणाले आता शस्त्र उचलायचं नाही. शेवटी पंच नेमायचे ठरले, मुआवियाकडून अम्र इब्न अल-आस आणि अलींकडून अबू मूसा अल-अश्अरी.

आणि इथे गाडी रुळावरून घसरते. कराराचा कागद एक सरदार तुकडी-तुकडीत जाऊन वाचून दाखवत होता तेव्हा तमीम टोळीतला एक जण उसळला, अल्लाहच्या कामात माणसं पंच म्हणून नेमता? आणि तलवार काढून वाचणाऱ्याच्या जनावराच्या पुठ्ठ्यावरच हाणली. ‘ला हुक्म इल्ला लिल्लाह’, निवाडा फक्त अल्लाहचा. पंचायतीसाठी ज्यांनी हट्ट धरला त्यातलेच कितीतरी आता म्हणायला लागले की पंच मान्य करणं हेच पाप, आम्ही तौबा केली, अलींनीही करावी, नाहीतर तेही काफिर. परंपरेत आकडा बारा हजारांचा देतात, एवढे लोक कुफा शहरात न शिरता जवळच्या हरूरा गावी जाऊन बसले. बाहेर पडले ते खारिजी, अनेकवचनी खवारिज.

अलींचं यावरचं उत्तर मला फार आवडलं, वाक्य खरं आहे पण त्यातून काढायचंय ते खोटं आहे. आणि तरी त्यांनी लगेच मारामारी केली नाही. म्हणाले, तुम्हाला मशिदीत यायला बंदी नाही, आमच्या बरोबर असाल तोवर उत्पन्नातला वाटा मिळेल, आणि तुम्ही हात उचलेपर्यंत आम्ही उचलणार नाही. आपला चुलतभाऊ इब्न अब्बासला समजवायला पाठवलं, त्याने कुराणातलेच दाखले काढले, अरे नवरा-बायकोच्या भांडणात दोन्हीकडचा एकेक माणूस पंच नेमा असं कुराणच सांगतं की. पुष्कळजण परत आले. जे नाही आले त्यांच्याबरोबर ६५८ ला नहरवानला लढाई झाली, बहुतेक सगळे मेले, आणि जे वाचले त्यांच्या डोक्यात सूड. ६६१ मध्ये कुफ्याच्या मशिदीत इब्न मुल्जम नावाच्या खारिजीने विष लावलेल्या तलवारीने अलींना मारलं. त्याच बेतात मुआविया आणि अम्रलाही मारायचं ठरलं होतं. मुआविया जखमेवर निभावला. अम्र त्या दिवशी आजारी म्हणून नमाजाला गेलाच नाही, त्याच्या जागी उभा राहिलेला बिचारा मेला.

पण मला धागा काढायला लावलं ते नहरवानच्या आधीच्या एका प्रसंगाने. यांच्या टोळक्याला वाटेत अब्दुल्ला इब्न खब्बाब भेटला, पैगंबरांच्या एका सोबत्याचा मुलगा, बरोबर गरोदर बायको. त्याला अलींबद्दल विचारलं, तो चांगलं बोलला. त्याला धरून नेताना झाडावरून एक खजूर पडला, टोळक्यातल्या एकाने तोंडात टाकला, तर दुसरा त्याच्यावर ओरडला, मालकाला न विचारता? पैसे न देता? त्याने थुंकून टाकला. पुढे एकाने कुणा बिगर-मुस्लिमाचं डुक्कर मारलं, तर बाकीच्यांनी त्याला झापलं आणि मालकाला शोधून त्याचं समाधान केलं. आणि मग अब्दुल्लाला नदीकाठी आडवा पाडून कापला, आणि त्याच्या बायकोचं पोट फाडलं.

खजूर थुंकला आणि माणूस कापला. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं त्या रात्री.

तर प्रश्न असा की आजच्या आयसिस वगैरेला खारिजी म्हणतात ती नुसती शिवी आहे का खरंच वारसा आहे?

रोखठोक | शुक्रवार, रात्री ११:१५

लेख छान पण कशाला एवढा कीस पाडायचा. तेव्हा पण मारामाऱ्या, आता पण मारामाऱ्या. सगळं एकाच माळेचे मणी.

तर्कटराव | शुक्रवार, रात्री ११:५८

@रोखठोक, मणी एकाच माळेचे असते तर त्यांनी चौथ्या खलिफालाच मारलं नसतं, जरा वाचा वर.

@वाळूचं घड्याळ ताई, धागा मस्त. फक्त एक मेख मारून ठेवतो. खारिजींची स्वतःची कागदपत्रं म्हणावीत अशी फार थोडी उरली आहेत, थोडीफार कविता, काही भाषणं. बाकी सगळं त्यांना हरवलेल्या लोकांच्या बखरींतून. त्यातला मोठा इतिहासकार तबरी वारला ९२३ ला, म्हणजे सिफ्फीननंतर अडीचशे वर्षांहून जास्त. तो जुन्या लोकांच्या हकिकती उतरवतो हे खरं, पण त्या हकिकती सांगणारे बहुतेक कुफ्याचे, अलींच्या बाजूचे. खजुराची गोष्ट इतकी बेतीव आहे ना की कोणीतरी चांगल्या कीर्तनकाराने रचल्यासारखी वाटते. घडलंच नसेल असं म्हणत नाही, पण ‘यांना लहान पाप दिसतं, मोठं दिसत नाही’ हे ठसवायला इतका चपखल प्रसंग आपोआप मिळत नाही.

दुसरं, खारिजी हा एक गट नव्हताच. बाहेर पडायची सवय लागली की माणूस बाहेर पडलेल्यांतूनही बाहेर पडतो. नाफी इब्न अल-अझरकचे अझारिका सगळ्यात जहाल, जो आमच्या छावणीत आला नाही तो काफिर, त्याची बायकापोरंही मारायला हरकत नाही, रस्त्यात माणसाला अडवून त्याचं मत काय ते विचारायचं आणि उत्तर चुकलं की मान उडवायची. नजदा नावाच्या पुढाऱ्याचे लोक त्यांच्यापेक्षा मऊ. सुफ्रिया आणखी वेगळे. आणि इबादी तर घरी बसून वाट बघू म्हणणारे.

दाभोळी | शनिवार, सकाळी ७:२०

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. आम्ही कोकणातले शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार पंथांतले एक. लहानपणी जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, खारिजी हा शब्द ऐकलाय तो असा, की ते लोक कुराण इतकं पढायचे पण ते त्यांच्या गळ्याखाली उतरायचं नाही, शिकारीच्या आरपार बाण निघून जावा तसे ते दीनमधून, धर्मातून, निघून जातात. ही हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारीच्या संग्रहात पण आहे. आमचे आजोबा ती कोणाला लावायचे तर गावात नवीन आलेला एखादा पोरगा म्हाताऱ्यांना ‘तुमचा दर्गा शिर्क, तुमचा फातिहा शिर्क’ (शिर्क म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला पुजणं) करायला लागला की. म्हणायचे, आला बघ खारिजी, याला वजूचं पाणी पुसायचं अजून ठाऊक नाही.

एक गोष्ट सांगतो, जुन्या अरबी किताबांत येते. वासिल इब्न अता नावाचा मोठा विचारवंत साथीदारांबरोबर चालला होता, समोर खारिजी. साथीदारांचे पाय लटपटले. वासिल म्हणाला, गप राहा, मी बोलतो. त्यांनी विचारलं कोण तुम्ही? तर हा म्हणतो, आम्ही मुश्रिक, म्हणजे मूर्तिपूजक, तुमच्या आश्रयाला आलोय, अल्लाहचा शब्द ऐकायचाय. आता कुराणात स्पष्ट आहे, मुश्रिक आश्रय मागत आला तर द्या, त्याला ऐकवा आणि सुखरूप जागी पोचवा. खारिजी बिचारे कलमाचे पक्के! त्यांनी ऐकवलं, आणि सांभाळून मुक्कामावर नेऊन सोडलं. मुसलमान म्हणाला असता तर मेला असता. 😄

वाळूचं घड्याळ | शनिवार, सकाळी ९:०५

@दाभोळी, वा! हे माहीतच नव्हतं. माझा प्रश्न निम्मा सुटला बघा यात.

@तर्कटराव, मान्य, खजूर बेतीव असेल. पण वासिलची गोष्ट पण तेच सांगते ना, लोक हसत का होईना पण तेच ओळखत होते. म्हणजे क्रूर असणं ही त्यांची खूण नाहीच, त्या काळात क्रूर कोण नव्हतं, इराकचा उमय्यी सुभेदार हज्जाज तर सरकारी माणूस होता आणि त्याने काय कमी माणसं मारली. खूण आहे ती हिशोबाची पद्धत. एक वाक्य घ्यायचं जे कोणीच नाकारू शकत नाही. त्याला दुसरं जोडायचं, मोठं पाप करणारा इमानातून बाहेर. मग तिसरं, बाहेर गेलेल्याला बाहेरचा न म्हणणारा पण बाहेर. तीन पायऱ्यांत तुम्ही शेजाऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचता आणि प्रत्येक पायरीवर मन स्वच्छ.

पेन्सिल | शनिवार, दुपारी १:३०

तिसरी पायरी आयसिसमध्ये जशीच्या तशी आहे. त्यांच्यातच एक गट होता, हाझिमी म्हणतात, त्यांचं म्हणणं अज्ञानामुळे कोणाला सूट देणाराही काफिर, मग त्या सूट देणाऱ्याला सूट देणारा पण काफिर, साखळीच, थांबतच नाही. शेवटी आयसिसच्या वरच्यांनाच कळेना आपण मुसलमान आहोत का नाही. मग त्यांनी त्या लोकांना पकडून मारलं आणि काय म्हणून मारलं माहितीये? खवारिज म्हणून!! 🤦

इजिप्तबद्दल पण कोणीतरी लिहा ना, खरी सुरुवात तिथली आहे.

तर्कटराव | शनिवार, दुपारी ४:१२

मीच लिहितो. सुरुवात मात्र इजिप्तच्याही आधी आपल्याकडे आहे, ऐकून दचकू नका. अबुल आला मौदूदी, जन्म १९०३, गाव औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. सत्ता म्हणजे हाकिमियत फक्त अल्लाहची, माणसाने माणसासाठी कायदे करणं म्हणजे त्या जागेवर बसणं, ही मांडणी आधुनिक राजकारणाच्या भाषेत त्यांनी केली. स्वतः मौदूदी पुढे पाकिस्तानात पक्ष चालवत राहिले, निवडणुका लढवल्या, म्हणजे गडी चौकटीतच राहिला. पण ते विचार अनुवादांतून इजिप्तला पोचले आणि मुस्लिम ब्रदरहूडच्या सय्यद कुत्बने राष्ट्राध्यक्ष नासरच्या तुरुंगात बसून त्याला धार लावली, सगळा समाजच जाहिलियतमध्ये, म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानात, आहे, नावाला मुसलमान. १९६६ ला त्याला फाशी दिली. त्याच तुरुंगांत ज्या पोरांचा छळ झाला त्यांना प्रश्न पडला, आम्हाला उलटं टांगणारा हा शिपाई नमाज पढतो, मग हा मुसलमान कसा? तकफीर, म्हणजे मुसलमानाला काफिर ठरवणं, आधुनिक काळात तिथे कोठडीत जन्माला आली, ग्रंथालयात नाही.

त्यातला एक शुकरी मुस्तफा, असयूतला शेतकी शिकलेला. सुटून आल्यावर त्याने गट काढला, स्वतः नाव ठेवलं ‘जमाअत अल-मुस्लिमीन’, म्हणजे मुसलमान तेवढे आम्हीच. पेपरवाल्यांनी नाव दिलं ‘तकफीर वल हिजरा’. सरकारी मशिदीत नमाज नाही, सरकारी नोकरी नाही, सैन्यात भरती नाही, भाड्याच्या फ्लॅटमधे एकत्र राहायचं. १९७७ मध्ये यांनी माजी वक्फमंत्री शेख झहबी यांना पळवून नेऊन मारलं, हे गृहस्थ स्वतः कैरोच्या अल-अझहर या मोठ्या सुन्नी विद्यापीठाचे विद्वान. पुढच्या वर्षी शुकरीला फाशी. मुस्लिम ब्रदरहूडच्या प्रमुखाच्या, हसन अल-हुदैबीच्या नावावर असल्या तकफिरी विचाराला उत्तर म्हणून एक पुस्तक आहे, नावच ‘दुआत ला कुदात’, आम्ही बोलावणारे, निवाडा करणारे नाही. कुत्ब ज्यांच्यात होता त्यांच्याच पुढाऱ्याच्या नावाने हे लिहावं लागलं, बघा.

आणि नंतर १९९० चं दशक, अल्जेरियाची जीआयए ही सशस्त्र संघटना. शेवटी शेवटी त्यांनी आपल्याला साथ न देणारी अख्खी जनताच काफिर ठरवली. १९९७ ला रईस, बेंतल्हा ही गावंच्या गावं रात्रीतून कापली, शेकडो माणसं. (तिथल्या लष्कराने काय केलं आणि काय केलं नाही यावर वेगळा वाद आहे, तो इथे नको.)

रोखठोक | शनिवार, सायं ६:०१

ओके हे माहीत नव्हतं. पण मग मुसलमान धर्मगुरू सरळ म्हणत का नाहीत की हे मुसलमान नाहीत? अझहरने आयसिसला काफिर म्हणायला नकार दिलेला मला पक्का आठवतोय २०१४ ला.

दाभोळी | शनिवार, सायं ६:४०

रोखठोक भाऊ, तीच तर मेख आहे. काफिर म्हटलं की तुम्ही पण त्यांच्याच शाळेत बसलात. अझहरवाले म्हणाले हे गुन्हेगार आहेत, यांच्याशी लढा, शिक्षा करा, पण जो कलमा पढतो त्याला काफिर ठरवायचा धंदा आम्ही करणार नाही. तुम्हाला पळवाट वाटते, आम्हाला ती शिस्त वाटते. अलींना पण लोकांनी विचारलं होतं नहरवाननंतर, हे काफिर आहेत का? म्हणाले कुफ्रपासूनच तर पळाले ते. मग मुनाफिक, म्हणजे ढोंगी मुसलमान? मुनाफिक अल्लाहची आठवण थोडीच काढतात, हे तर रात्रंदिवस काढतात. मग कोण? आमचेच भाऊ, आमच्यावर उलटले.

आणि बोलत नाहीत असं कोण म्हणतं? २०१४ मध्ये शंभरावर उलेमांनी आयसिसचा प्रमुख बगदादी याला जाहीर पत्र लिहिलं, मुद्द्यांवार. २०१५ ला आपल्या मुंबईतून देशभरच्या हजारावर मौलवींच्या सह्यांचा आयसिसविरुद्ध फतवा निघाला. पण त्या आधीच्याच वर्षी कल्याणची चार पोरं इराकला गेली होती, बातमी तीच लक्षात राहते. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, मी महिनाभर रोज रात्री त्याच्या खोलीचा दिवा बघायचो, सांगत कोणाला नव्हतो.

खडूस आजोबा | शनिवार, रात्री ९:३३

दोन्हीकडून वाचतोय. एक बाजू कोणी मांडली नाही ती मांडतो. ‘खारिजी’ हा शब्द सगळ्यात जास्त कोणाला आवडतो? गादीवर बसलेल्याला. उस्मानी काळात वहाबींना खारिजी म्हणाले, दमास्कसचा धर्मशास्त्री इब्न आबिदीन याने लिहूनच ठेवलंय. मग वहाबींचं राज्य झालं, तर त्यांचे उलेमा ब्रदरहूडला खारिजी म्हणायला लागले. आता पाकिस्तानी लष्कर. म्हणजे जो बंड करेल तो खारिजी, त्याची तक्रार काय हे ऐकायचीच गरज नाही. टीटीपीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, त्यांनी पेशावरच्या शाळेत मारलेली मुलं विसरलेलो नाही, १६ डिसेंबर २०१४. पण पत्रकात ‘खवारिज’ लिहिलं की कबायली भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय काय झालं हे सगळं झाकलं जातं.

आणि मूळ खारिजींची एक गोष्ट आजच्यांत अजिबात नाही. ते म्हणत खलिफा कोणीही होऊ शकतो, कुरैश घराण्याचा पाहिजे असं नाही, लायक असेल तर हबशी गुलाम सुद्धा, आणि चुकला तर खाली खेचा. त्या काळात हे भयंकर होतं! बगदादीने काय केलं? २०१४ ला मोसुलच्या मशिदीत मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढायच्या आधी स्वतःला कुरैशी लावून घेतलं. बायकांचं घ्या, शबीब खारिजीची बायको गझाला फौजेबरोबर कुफ्यात घुसून मशिदीत नमाज पढून गेली आणि तो वाघ हज्जाज वाड्यात दार लावून बसला. त्यावर एका खारिजी कवीने टोमणा मारला, माझ्यापुढे सिंह आणि लढाईत शहामृग. आयसिसच्या राज्यात बाई एकटी रस्त्यावर पण येऊ शकत नव्हती.

मस्कतवाली | रविवार, सकाळी ८:४८

मी अकरा वर्षं मस्कतला आहे आणि हा धागा वाचून चहा गार झाला. कारण इथे मी ज्यांच्यात राहते ते इबादी, पुस्तकाप्रमाणे खारिजींची एकमेव उरलेली शाखा. त्यांच्यासमोर हा शब्द काढू नका हां, मी एकदा काढला होता ऑफिसात, भाबडेपणाने. सोबतची ओमानी बाई हसली पण हसू वेगळं होतं. म्हणाली आम्ही पंचायत चूक होती म्हणतो, एवढंच, त्या अझारिकांशी आमचे पूर्वजही लढले.

त्यांच्यात पापी माणसाला पण काफिर म्हणतात खरं, पण कुफ्राचे दोन प्रकार, एक अल्लाहलाच नाकारणं आणि दुसरा नेमत नाकारणं, कृतघ्नपणा म्हणा. दुसऱ्या प्रकारवाल्याशी लग्न करा, जेवा, त्याच्या मागे नमाज पढा, वारसा घ्या, काही अडत नाही. एक शब्द दोन खणांत ठेवला आणि हजार वर्षांहून जास्त शेजारी नांदले. इथे इबादी, सुन्नी एकाच मशिदीत दिसतात, इबादी हात खाली सोडून उभे राहतात आणि फातिहानंतर आमीन म्हणत नाहीत, ओळखायचं तर तेवढ्यावरून. २००४-०५ च्या अम्मानच्या जाहीरनाम्यात आठ मान्य मजहबांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंथांत, त्यांचाही आहे. ओमानशिवाय जांझिबार, अल्जेरियाचं मझाब खोरं, ट्युनिशियाचं जेर्बा बेट, तिथेही आहेत.

आणि उलटी गंमत ऐका. जुलै २०२४ मध्ये इथे वादी कबीरला शियांच्या मशिदीवर मोहरमच्या दिवसांत गोळीबार झाला, आयसिसने जबाबदारी घेतली. मेलेल्यांत एक भारतीय पण होता. खारिजींचे म्हणवले जाणारे वंशज राज्य करतात त्या देशात, अलींच्या नावाने रडणाऱ्यांवर, आजचे खारिजी गोळ्या घालतात. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमधे कोणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी तीच सोबतीण आमच्याकडच्या शिया ड्रायव्हरच्या घरी डबा घेऊन गेली.

तर्कटराव | रविवार, सकाळी १०:२०

@मस्कतवाली, या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

सिफ्फीनचा अजून एक धागा जोडतो. ती जागा आजच्या सीरियात रक्का शहराजवळच येते. तिथे मेलेल्यांत अम्मार इब्न यासिर होते, पैगंबरांचे जुने सोबती, अलींच्या बाजूने लढलेले. रक्क्यात त्यांचा मोठा दर्गा होता, सिरॅमिकच्या टाइल्सचा, इराणी पैशाने बांधलेला. २०१४ ला आयसिसने तो सुरुंग लावून उडवला. सिफ्फीन त्यांच्या लेखी संपलेलंच नव्हतं.

पेन्सिल | रविवार, दुपारी १२:०५

मला एक शंका, खारिजींनी कुठे राज्य केलं का? म्हणजे निवाडा फक्त अल्लाहचा म्हणणाऱ्यांनी स्वतः कारभार कसा केला? कर कोण गोळा करायचं, भांडणं कोण सोडवायचं?

वाळूचं घड्याळ | रविवार, दुपारी २:५०

@पेन्सिल, केलं की. उत्तर आफ्रिकेत ताहर्तला इबादींचं रुस्तमी राज्य सव्वाशे वर्षांच्या वर चाललं, ९०९ ला फातिमींनी बुडवलं. पण तुझ्या प्रश्नाचं झकास उत्तर अझारिकांकडे आहे. त्यांचा शेवटचा मोठा पुढारी कतरी इब्न अल-फुजाआ, कवीही होता, फार्स-किरमान भागात त्याने दहाएक वर्षं स्वतःला अमीर अल-मुमिनीन म्हणवून घेतलं. आणि नाणी पाडली. लढायला पगार लागतो, पगाराला दिरहम लागतात, आणि त्या मुलखात लोक ओळखत होते ते जुनं सासानी नाणं.

मी काल त्याचा मोठा करून फोटो बघितला. एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला इराणी बादशहा, शेजारी पहलवी लिपीत कतरीचं नाव. मागच्या बाजूला पारशांचं अग्निकुंड, दोन्हीकडे दोन सेवक उभे. आणि बादशहाच्या बाजूच्या कडेला, गोलाकार, अरबीत, अगदी नीट अक्षरात: ला हुक्म इल्ला लिल्लाह.

दाभोळी | रविवार, दुपारी ३:१५

फोटोची लिंक टाका ना ताई. पोराला दाखवतो.